नाणे, कॅसेट आणि सीझन : व्हिडिओ गेमच्या आस्वादातील पिढ्यांचा प्रश्न

व्हिडिओ गेम हा करमणुकीचा प्रकार भारतातील शहरांत रुजून आता चार दशके होत आली आहेत. त्यामुळे ज्यांनी तो शाळकरी वयात प्रथम पाहिला ते आज पन्नाशीच्या आसपास पोहोचले आहेत आणि त्यांची मुले त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण पुष्कळ अंशी निराळ्या असलेल्या गोष्टीत रमली आहेत. या दोन पिढ्यांमध्ये घराघरांत जो वाद चालतो त्याचा सूर ठरलेला असतो. जुने खेळ कठीण होते, त्यांत कस लागत असे आणि ते कुठेतरी पुरे होत असत, असे थोरल्यांचे म्हणणे असते. जुने खेळ खडबडीत होते, तेच ते पुन्हा करायला लावीत आणि त्यांत मित्रांना जागा नव्हती, असे धाकट्यांचे. दोन्ही पक्ष आपले मत वयाच्या नावावर मांडतात. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, हा भेद मुळात वयाचा नाही. खेळ कोणत्या जागी, कोणत्या मोबदल्यात आणि कोणाच्या देखत खेळला गेला यावर तो उभा आहे, आणि प्रत्येक पिढी आपल्या वाट्याला आलेल्या व्यवस्थेलाच खेळाचे सौंदर्य समजून बसते.

हंगेरीत जन्मलेले समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात पिढी ही जन्मसालाने आपोआप तयार होत नाही, असे सांगितले होते. एकाच काळात जन्मलेल्या माणसांच्या तरुणपणी जे अनुभव समान असतात ते त्यांच्या मनात जगाचे ‘स्वाभाविक’ चित्र म्हणून घट्ट बसतात, आणि पुढचा प्रत्येक अनुभव त्या चित्राच्या मापाने मोजला जातो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे विवेचन जसेच्या तसे लागू पडते; एवढेच की, येथे पिढी पंचवीस वर्षांची नसते, ती सात-आठ वर्षांत बदलते. २०१८ मध्ये पबजी खेळू लागलेला मुलगा आज आपल्या धाकट्या भावाला ‘आमच्या वेळचे पबजी’ ऐकवतो तेव्हा त्याचे वय वीस-बावीसच्या पुढे गेलेले नसते.

कोल्हापुरात या प्रश्नाचा विचार करताना एक सोय अशी आहे की, आस्वादातील पिढ्यांचा असाच वाद या शहराने दुसऱ्या एका खेळाच्या निमित्ताने फार पूर्वीपासून पाहिलेला आहे, आणि तो वाद कुस्तीतल्या माती व मॅट यांचा. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे की, मधला आखाडा कोणत्याही जागेवरून दिसावा. तेथे जमणारा प्रेक्षक ढाक कोणती आणि घिस्सा कोणता हे नेमके ओळखणारा, पकड पाहून पुढच्या डावाचा अंदाज बांधणारा असे. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी कुस्ती. तिच्यात दम, संयम आणि प्रतिस्पर्ध्याला दमवण्याची कला यांना मोल होते, कारण घड्याळ तिचा निकाल लावीत नव्हते. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत बसवलेली असते आणि चीतपट न झाल्यास गुणांवर निकालात निघते. तिच्यात पहिल्या क्षणापासूनची चपळाई, पायाला हात घालण्याचा वेग आणि गुणांचे गणित यांना मोल येते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची आणि तेथील नियमांची सवय नसतानाही सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. या चार वर्षांत त्यांच्या अंगातली कुस्ती नाहीशी होऊन दुसरी आली असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती कुस्तीभोवतीची मांडणी. तरीही मातीचा रसिक मॅटवरच्या कुस्तीला ‘कुस्ती’ म्हणायला का-कू करतो आणि मॅटवर वाढलेल्या मुलाला तासभर चाललेली खडाखडी कंटाळवाणी वाटते. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती विभागाचा आणि गादी, म्हणजे मॅट, विभागाचा विजेता यांची अखेरची लढत लावून या वादावर एक व्यवहारी तोडगा काढलेला आहे. व्हिडिओ गेमच्या वादावर असा तोडगा निघालेला नाही, आणि निघेल असेही दिसत नाही. पण वादाचे स्वरूप मात्र तेच आहे.

मांडणी बदलली की गुणांची व्याख्या कशी बदलते हे पाहण्यासाठी गेम पार्लरपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. जिल्ह्याच्या शहरांतून एक-दोन गाळ्यांत लाकडी पेट्यांसारखी यंत्रे मांडून चालणारी ही दुकाने नाण्यावर किंवा टोकनवर चालत. नाण्याचे अर्थशास्त्र असे की, खेळाडू लवकर हरला तर पुढचे नाणे लवकर पडते; पण फार लवकर हरला तर तो निघून जातो. या दोहोंच्या मधली जी अरुंद जागा, तिच्यात त्या काळच्या खेळांची सगळी कारागिरी झालेली आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात परग्रहावरचे शत्रू जसजसे मारले जातात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात. याचे मूळ कारण असे की, पडद्यावरची चित्रे कमी झाली की त्या वेळच्या संगणकावरचा भार कमी होऊन तो उरलेली चित्रे भराभर काढू शके. यंत्राची मर्यादा हीच खेळाची चढत जाणारी लय बनली आणि पुढे ‘कठीण होत जाणे’ हा खेळाचा स्वभावधर्मच मानला गेला. थोरली पिढी ज्याला कस म्हणते त्यात कारागीर होता तसा दुकानदाराचा गल्लाही होता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. 

पार्लरमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही : खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभी असलेली, खिशात नाणे नसलेली मुले. ज्या खेळाला सगळा भारत त्यातल्या एका पात्राच्या नावाने ‘मुस्तफा’ म्हणत असे, तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, किंवा १९९७ चा ‘किंग ऑफ फायटर्स’, हे खेळ जेवढ्यांनी खेळले त्याच्या कितीतरी पट मुलांनी पाहिले. कोणत्या बटणांच्या कोणत्या क्रमाने कोणता फटका निघतो, कोणता बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू, कोणत्या कोपऱ्यातून मारता येतो, हे ज्ञान या बघ्यांच्या घोळक्यात तयार होत असे आणि तोंडोतोंडी पसरत असे. तेव्हा जुना खेळाडू एकटा खेळत होता हे धाकट्यांचे म्हणणे पार्लरपुरते साफ चुकीचे आहे.

ते थोडेफार खरे ठरते ते कॅसेटच्या काळात. निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र विकायला काढले. भारतातील मध्यमवर्गीय घरांत १९९० च्या दशकात आली ती मुख्यतः त्याच्या नकलेची यंत्रे, त्यांपैकी ‘समुराई’ हे नाव अनेकांच्या स्मरणात असेल. मुलांच्या भाषेत त्याला टीव्ही गेम म्हणत. त्यात घालायच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटवर लाखो खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि प्रत्यक्षात तेच मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘कॉन्ट्रा’, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ आणि बदके मारण्याचा ‘डक हंट’ ही त्या काळची पाठ्यपुस्तकेच होत. १९८५ च्या ‘मारिओ’त आठ जगे, प्रत्येक जगात चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे होते, आणि खेळ मध्येच साठवून ठेवण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे घरातला एकच टीव्ही बातम्यांसाठी मोकळा करावा लागला किंवा वीज गेली, म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. या सक्तीच्या पुनरावृत्तीतून एक विशिष्ट प्रकारची जवळीक निर्माण झाली. तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात पायऱ्यांवरच्या कासवावर उड्या मारीत राहिले तर लाइफ वाढत जातात, ही युक्ती मासिके न वाचणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही ठाऊक होती. प्रत्येक खड्ड्याची रुंदी, प्रत्येक शत्रूची वेळ हाताला पाठ झालेली असे, आणि अशा पाठांतरातून येणारा आनंद हा एका पूर्ण झालेल्या, सीमाबद्ध कृतीचा आनंद होता. ही कृती कोणी बदलू शकत नव्हते. तिच्या निर्मात्यालाही ते शक्य नव्हते.

सायबर कॅफेचा मधला काळ, म्हणजे साधारण २००० ते २०१० ही वर्षे, या दृष्टीने संक्रमणाचा आहे. तासावर पैसे घेणाऱ्या कॅफेत ‘काउंटर स्ट्राइक’ खेळणाऱ्या मुलाचे नाणे हरल्याने संपत नसे, ते घड्याळाने संपे. त्यामुळे कठीणपणापेक्षा एका फेरीचा आटोपशीरपणा आणि समोरच्या खुर्चीवरच्या मित्राला हरवण्याची गंमत यांना महत्त्व आले.

मोबाइलच्या पिढीची मांडणी याहून पुरती वेगळी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आले, या दोन घटनांच्या मधल्या दीड वर्षात भारतातील बहुसंख्य खेळाडूंचे यंत्र, जागा आणि मोबदला ही तिन्ही बदलली. खेळ फुकट झाला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरलेला एकजण किंवा एक स्क्वाड, म्हणजे चौघांचा संघ, जिंकतो, अशा या ‘बॅटल रॉयल’ प्रकारात हरणे हेच नेहमीचे असते आणि त्याची किंमत शून्य असते. कंपनीला पैसा मिळतो तो स्किनमधून, म्हणजे पात्राच्या पोशाखातून व बंदुकीच्या रंगरूपातून, आणि सीझनमधून. सीझन म्हणजे काही आठवड्यांचे सत्र. ते संपले की रँक खाली येते, नवी बक्षिसे येतात, नकाशात बदल होतात आणि खेळाडूला पुन्हा यावे लागते. नाण्याने खेळाडूचा पैसा मोजला, सीझनने त्याची हजेरी मोजली. या व्यवस्थेत वाढलेल्या मुलाला खेळ ‘पुरा झाला’ असे म्हणणे निरर्थक वाटते, जसे कोल्हापुरातल्या तालीम संघांचा फुटबॉल पुरा झाला असे म्हणणे पेठेतल्या कोणालाही निरर्थक वाटेल. त्याची दाद टप्प्याला नसून क्षणाला असते : तिघे साथीदार बाद झाल्यावर एकट्याने समोरचा अख्खा संघ संपवणे, ज्याला तो ‘क्लच’ म्हणतो, आणि जे यूट्यूबवर हजारो जणांनी पाहिलेले असते. पार्लरमधला बघ्यांचा घोळका नाहीसा झालेला नाही. तो पाठीमागून उठून पडद्याच्या आत गेला आहे, आणि त्याला टिप्पणी लिहिण्याची सोय मिळाली आहे, ही काही वेळा दुर्दैवाची गोष्ट होय.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवले आहेत. अलौकिकतावाद कलेला जीवनापासून स्वतंत्र, स्वयंपूर्ण मानतो. लौकिकतावाद तिला जीवनाच्या व्यवहारात गुंतलेली मानतो. कॅसेटच्या पिढीचे गेमवरचे प्रेम पहिल्या ध्रुवाकडे झुकते. ती रचना, लय, पूर्णता यांविषयी बोलते. मोबाइलच्या पिढीचे प्रेम दुसऱ्याकडे झुकते. ती संघ, मैत्री, प्रतिष्ठा, क्वचित कमाई यांविषयी बोलते, कारण तिच्यासाठी खेळ हे भेटण्याचे ठिकाणही आहे. पण पाटणकरांनीच दाखवल्याप्रमाणे कोणताही एक ध्रुव धरून कलेचा उलगडा होत नाही, आणि गेमचाही होत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या निर्मात्यांनी २०२० साली काढलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा एकट्याने खेळायचा, आरंभ आणि शेवट असलेला, पौराणिक कथेवर बेतलेला खेळ आहे, त्याच पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीचा ऑक्टोबर २०२४ मधला ‘इंडस’ हा बॅटल रॉयल आहे. एकाच शहरात, एकाच काळात, दोन्ही प्रकारच्या आस्वादासाठी खेळ तयार होत असतील, तर हे दोन आस्वाद अनुक्रमे म्हाताऱ्यांचे आणि तरुणांचे म्हणून वाटून टाकता येत नाहीत.

याचा अर्थ वयाला काहीच स्थान नाही असा नव्हे. कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘स्टारक्राफ्ट २’ या वेगवान डावपेचांच्या खेळातील १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या असता, प्रतिसादाचा वेग चोविसाव्या वर्षापासूनच मंदावू लागतो असे आढळले. मात्र वयाने मोठे खेळाडू कमी हालचालींत, सोप्या आज्ञांवर भिस्त ठेवून ही तूट भरून काढतात असेही त्यात दिसले. खेळाडूंच्या प्रेरणांची मोठी पाहणी करणाऱ्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेच्या निष्कर्षांनुसार वयाबरोबर सर्वांत जास्त घटते ती इतरांना हरवण्याची हौस. म्हणजे चाळिशीच्या माणसाला बॅटल रॉयल नकोसा वाटतो यात अभिरुचीच्या उच्चतेचा भाग कमी आणि बोटांच्या व मनाच्या स्वाभाविक ओसरण्याचा भाग जास्त असू शकतो. थोरल्या पिढीने आपल्या मंदावलेल्या हाताला सौंदर्यशास्त्राचे नाव देऊ नये, एवढे पथ्य पाळायला हरकत नाही.

उलट बाजूने, जुन्या खेळाचा खरा रसिक तो ज्याच्या लहानपणी होता तोच असेल, हा समजही डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. निन्टेंडोच्या १९८९ च्या ‘टेट्रिस’मध्ये एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की तो खेळाचा शेवटच आहे, असे त्या काळच्या खेळाडूंनी ठरवून टाकले होते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोहोचला आणि यंत्र गोठले. मानवी खेळाडूने तो खेळ त्याच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत नेण्याची ही पहिली वेळ होती. त्याने वापरलेल्या तंत्रात बटण अंगठ्याने दाबायचे नसते. हातातल्या कंट्रोलरच्या मागच्या बाजूवर तबल्यावर फिरावीत तशी बोटे फिरवायची असतात. हे तंत्र काही वर्षांपूर्वीच तरुण खेळाडूंमध्ये निघाले आणि चलच्चित्रे पाहून पसरले. ज्या पिढीच्या दैनंदिन जीवनात हा खेळ वाढला तिला त्याची खोली कळली नाही; जिच्या जन्माच्या वीस वर्षे आधी तो आला तिला ती कळली.

एका बाबतीत मात्र नव्या मांडणीवर कडक टीका व्हायला हवी. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार मूलप्रकार सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. मराठी वाचकाला यासाठी परदेशी उदाहरणे शोधण्याची गरज नाही. कुस्ती, सारीपाट, सोंगी भजन आणि फुगडी ही चारही आपल्या अंगणात आहेत. सारीपाटाच्या कुळातला लुडो नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ म्हणून मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत आजी व नातू एकाच पटावर बसले, यात दैवाचा खेळ दैवाचाच होता, म्हणून तो निर्मळ राहिला. स्पर्धेच्या खेळात स्किनच्या बंद पेट्या, सोडतीचे चक्र, पैसे भरून नशीब आजमावणे हे मिसळले जाते तेव्हा खेळाडू कौशल्याची भाषा बोलत दैवावर पैसे लावत असतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ मना करून ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना वेगळे काढले, हे तत्त्वतः योग्यच झाले. बंद पेट्यांचा प्रश्न मात्र खेळाडूंच्या विवेकाने सोडवायचा उरतो, आणि त्या विवेकाची भाषा थोरल्यांनी ‘मोबाइल बंद कर’ एवढ्यावर आटोपली तर तयार होणार नाही.

आता जतनाचा प्रश्न, आणि येथे दोन पिढ्यांतले अंतर सर्वांत जास्त आहे. जुनी कॅसेट मिळाली आणि यंत्र चालले, तर १९८५ चा ‘मारिओ’ आजही जसाच्या तसा खेळता येतो. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या काळात खेळाडूंच्या हातातून खेळाची प्रतच नव्हे, खेळच गेला आणि परत आला तेव्हा तो तोच राहिला नव्हता, कारण असे खेळ कंपनीच्या सर्व्हरवर जगतात आणि दर सीझनला स्वतःची आधीची आवृत्ती पुसत जातात. २०१८ चे बेट पुन्हा पाहायची इच्छा झालेल्या तरुणाला जायला जागा उरलेली नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. जेथे अशी पाहणीही झालेली नाही तेथील स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे तर यंत्रांबरोबर आठवणीही चालल्या आहेत. पार्लर चालवणारे, कॅसेट दुरुस्त करणारे, सायबर कॅफेचे मालक अजून हयात आहेत आणि त्यांना कोणी काही विचारलेले नाही. आजचे खेळाडू आपल्या सामन्यांच्या चित्रफिती काढतात, पण त्या एका कंपनीच्या कृपेवर साठवलेल्या असतात. १८५० पासून ग्रंथ सांभाळत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय यांनी एकत्र येऊन कोल्हापूर परिसरातील व्हिडिओ गेमविषयीच्या मुलाखती, यंत्रे, कॅसेट, दरफलक आणि आजच्या खेळांच्या चित्रफिती यांचा संग्रह सुरू करावा, अशी विनंती या व्यासपीठावरून करण्यात येत आहे. आणि ज्या श्रोत्यांच्या माळ्यावर एखादे जुने यंत्र पडून असेल त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या धाकट्या खेळाडूच्या हाती द्यावे, त्याच्याशेजारी बसून तो कसा खेळतो हे पाहावे आणि दोघांनी मिळून त्याची नोंद मराठीत लिहून ठेवावी.